एडविन हबल : प्रकाशातून विश्वाच्या विस्ताराचे माप घेणारे खगोलशास्त्रज्ञ

ऑक्टोबर २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या सदस्यांनी मतदान करून एका प्रसिद्ध नियमाचे नाव बदलण्याची शिफारस केली. दीर्घिका आपल्यापासून जितक्या दूर, तितक्या अधिक वेगाने ती आणखी दूर जाते, असे सांगणारा हा नियम अनेक दशके हबल यांचा नियम म्हणून पाठ्यपुस्तकांत शिकवला जात होता. मतदान करणाऱ्यांपैकी ७८ टक्के सदस्यांच्या कौलाने त्याला यापुढे हबल-लमेत्र नियम म्हणावे, असे ठरले. बेल्जियममधील धर्मगुरू आणि गणितज्ञ जॉर्ज लमेत्र यांनी हाच निष्कर्ष हबल यांच्या दोन वर्षे आधी मांडला होता, ही बाब या निर्णयामागे होती.

एखाद्या शास्त्रज्ञाच्या निधनानंतर ६५ वर्षांनी त्याच्या नावाच्या नियमात दुसऱ्याचे नाव जोडले जावे, ही घटना विरळाच. त्यामुळे हबल यांचे मोठेपण उणावले काय, असा प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो. त्यांचे जीवन आणि कार्य क्रमाने पाहिले, तर या प्रश्नाचे उत्तर मिळते आणि दूरच्या दीर्घिकांची गती माणसाला प्रकाशाच्या केवळ एका रेषेवरून कशी कळली, याचाही उलगडा होतो.

एडविन पॉवेल हबल यांचा जन्म २० नोव्हेंबर १८८९ रोजी अमेरिकेतील मिसुरी राज्यात मार्शफील्ड या गावी झाला. वडील विमा व्यवसायात होते. पुढे हे कुटुंब इलिनॉय राज्यातील व्हीटन येथे स्थायिक झाले. उंचपुरे आणि बळकट शरीरयष्टीचे एडविन शालेय वयात अभ्यासापेक्षा मैदानावर अधिक गाजले. शिकागो विद्यापीठात ते बास्केटबॉलच्या संघात होते. मात्र त्याच विद्यापीठात त्यांनी गणित आणि खगोलशास्त्राचा अभ्यास केला आणि १९१० मध्ये पदवी संपादन केली.

मुलाने वकील व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. प्रतिष्ठेची ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून एडविन इंग्लंडला गेले आणि ऑक्सफर्ड येथे त्यांनी कायद्याचा अभ्यास केला. तेथील तीन वर्षांत त्यांनी इंग्रज सरदारी थाटाची बोलण्या-वागण्याची ढब आत्मसात केली. ओढून धरलेला पाइप आणि ऑक्सफर्डचे उच्चार ही त्यांची ओळख अखेरपर्यंत कायम राहिली. १९१३ च्या प्रारंभी वडिलांचे निधन झाले. त्याच वर्षी मायदेशी परतलेल्या एडविन यांनी इंडियाना राज्यातील न्यू अल्बनी येथील शाळेत वर्षभर शिक्षकाची नोकरी केली. तेथे ते स्पॅनिश, भौतिकशास्त्र व गणित शिकवीत आणि बास्केटबॉलच्या संघाला प्रशिक्षणही देत. आपण काही काळ वकिली केली, असे ते पुढे सांगत असत. परंतु चरित्रकारांना त्याचा पुरावा मिळालेला नाही. स्वतःच्या पूर्वायुष्याला थोडी झळाळी देण्याचा मोह त्यांना आवरत नसे.

अखेर ओढ खगोलशास्त्राची होती. १९१४ मध्ये ते शिकागो विद्यापीठाच्या यर्कीझ वेधशाळेत संशोधनासाठी दाखल झाले. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात शिकागोजवळील इव्हान्स्टन येथे अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञांची सभा भरली होती. या सभेस तरुण हबल उपस्थित होते. तेथे वेस्टो स्लायफर या अबोल स्वभावाच्या संशोधकाने आपली निरीक्षणे मांडली आणि सभेने उभे राहून त्यांचा गौरव केला. हबल यांच्या पुढील कार्याची एक बाजू त्या दिवशी त्यांच्यासमोर उलगडली गेली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

स्लायफर यांनी काय सांगितले, हे समजण्यासाठी प्रथम वर्णपटाचा विचार करावा लागतो. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून नेला, की जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत रंगांचा पट्टा दिसतो. या पट्ट्यात ठराविक जागी काळ्या रेषा असतात. ताऱ्याच्या वातावरणातील प्रत्येक मूलद्रव्य प्रकाशाच्या ठराविक तरंगलांबी शोषून घेते आणि तेथे काळी रेषा उमटते. कॅल्शियमच्या दोन ठळक रेषा, उदाहरणार्थ, प्रयोगशाळेत ३९३.४ आणि ३९६.८ नॅनोमीटर या तरंगलांबींवर आढळतात. कॅल्शियम पृथ्वीवरचे असो वा ताऱ्यावरचे, या जागा बदलत नाहीत. जणू प्रत्येक मूलद्रव्याच्या अंगठ्याचा ठसाच.

आता प्रकाशाचा उगम आपल्यापासून दूर जात असेल, तर त्याच्या लागोपाठच्या लाटांना आपल्यापर्यंत पोहोचण्यास उत्तरोत्तर अधिक अंतर कापावे लागते. त्यामुळे लाटा ताणल्यासारख्या होतात, तरंगलांबी वाढते आणि सर्व रेषा आपापल्या जागेवरून वर्णपटाच्या तांबड्या टोकाकडे सरकतात. यालाच ताम्रसृती किंवा रेडशिफ्ट असे म्हणतात. उगम जवळ येत असेल, तर रेषा निळ्या टोकाकडे सरकतात. ती नीलसृती होय. रेल्वेच्या फलाटावर उभे असताना शिटी वाजवीत येणारी गाडी आपल्याला ओलांडून पुढे गेली, की शिटीचा सूर एकाएकी उतरतो, हा सर्वांच्या परिचयाचा अनुभव आहे. ध्वनीच्या बाबतीत जे घडते, तेच प्रकाशाच्या बाबतीत घडते. ऑस्ट्रियाचे भौतिकशास्त्रज्ञ क्रिस्टियन डॉपलर यांनी १८४२ मध्ये हे तत्त्व मांडले होते. रेषा आपल्या तरंगलांबीच्या एक टक्का सरकली, तर उगमाचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे एक टक्का, म्हणजे सेकंदाला ३,००० किलोमीटर ठरतो.

स्लायफर अॅरिझोना राज्यात फ्लॅगस्टाफ येथील लॉवेल वेधशाळेत काम करीत. आकाशात दिसणाऱ्या भोवऱ्यासारख्या अंधूक पुंजक्यांना त्या काळी सर्पिल अभ्रिका म्हणत. त्यांचा प्रकाश इतका क्षीण, की त्यांच्या वर्णपटाचे एक छायाचित्र घेण्यासाठी तासन्तास, प्रसंगी लागोपाठच्या रात्री, तीच काच दुर्बिणीला लावून ठेवावी लागे. १९१२ च्या अखेरीस स्लायफर यांना देवयानी तारकासमूहातील अभ्रिका सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत असल्याचे आढळले. तोवर मोजलेल्या कोणत्याही ताऱ्याच्या नेहमीच्या वेगाच्या तुलनेत हा वेग प्रचंड होता. पुढे अधिक अभ्रिका तपासल्या, तेव्हा देवयानी हा अपवाद ठरला. १९१७ पर्यंत त्यांनी २५ अभ्रिकांचे वेग मोजले आणि त्यांपैकी २१ आपल्यापासून दूर जात होत्या. काहींचा वेग सेकंदाला १,००० किलोमीटरच्या घरात होता.

वेग कळले होते. परंतु या अभ्रिका आहेत तरी किती दूर, हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्या आपल्याच आकाशगंगेतील वायूचे ढग आहेत, की आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र ताराविश्वे आहेत, यावर तीव्र मतभेद होते. एप्रिल १९२० मध्ये वॉशिंग्टन येथे हार्लो शॅप्ली आणि हेबर कर्टिस या दोन नामवंत खगोलशास्त्रज्ञांनी या विषयावर आपापली बाजू मांडली. निर्णय मात्र झाला नाही. अंतर मोजण्याची खात्रीची पट्टी हाती असल्याशिवाय तो होणेही शक्य नव्हते.

ती पट्टी एका महिलेने तयार करून ठेवली होती. हार्वर्ड वेधशाळेत छायाचित्रांवरून ताऱ्यांची मोजणी करणाऱ्या महिलांच्या गटात हेन्रिएटा लेव्हिट काम करीत असत. धाकट्या मॅजेलन मेघातील २५ रूपविकारी ताऱ्यांचा अभ्यास करून त्यांनी १९१२ मध्ये एक महत्त्वाचा संबंध प्रसिद्ध केला. सेफीड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या ताऱ्यांचे तेज ठराविक कालावधीने कमी-अधिक होते आणि हा कालावधी जितका मोठा, तितका तारा मुळात अधिक तेजस्वी असतो. म्हणजेच ताऱ्याचा कालावधी मोजला, की त्याचे खरे तेज कळते. ते तेज आणि प्रत्यक्ष दिसणारे तेज यांची तुलना केली, की अंतर मिळते. लेव्हिट यांचे १९२१ मध्ये निधन झाले. आपल्या शोधाने पुढे काय घडविले, हे पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही.

दरम्यान, हबल यांनी १९१७ मध्ये अंधूक अभ्रिकांच्या छायाचित्रांवरील प्रबंध पूर्ण करून डॉक्टरेट मिळविली. कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन वेधशाळेचे संचालक जॉर्ज एलरी हेल यांनी त्यांना नोकरी देऊ केली होती. तथापि अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली होती. हबल यांनी सैन्यात भरती होणे पसंत केले आणि ते मेजर पदापर्यंत पोहोचले. त्यांची तुकडी फ्रान्सला पोहोचली, तेव्हा युद्ध संपत आले होते. १९१९ मध्ये ते माउंट विल्सन येथे रुजू झाले. १०० इंच, म्हणजे सुमारे अडीच मीटर व्यासाचा आरसा असलेली तेथील हूकर दुर्बीण त्या वेळी जगातील सर्वांत मोठी होती.

ऑक्टोबर १९२३ च्या पहिल्या आठवड्यात हबल यांनी देवयानी अभ्रिकेचे एक छायाचित्र घेतले. त्यात त्यांना तीन नवे तेजस्वी बिंदू दिसले. ते नवतारे, म्हणजे अचानक उजळून विझणारे तारे असावेत, असे समजून त्यांनी काचेवर तशी खूण केली. जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहिल्यावर मात्र त्यांपैकी एक बिंदू पूर्वीही कमी-अधिक तेजाने दिसत असल्याचे लक्षात आले. हबल यांनी आधीची खूण खोडली आणि तो रूपविकारी तारा असल्याची नोंद उद्गारचिन्हासह केली. ती काच आजही जपून ठेवलेली आहे. हा तारा सेफीड होता आणि त्याचा कालावधी सुमारे ३१ दिवसांचा होता. लेव्हिट यांच्या सूत्राने देवयानीचे अंतर सुमारे ९ लाख प्रकाशवर्षे निघाले. शॅप्ली यांच्या अंदाजानुसार आपल्या आकाशगंगेचा व्यास ३ लाख प्रकाशवर्षे होता. देवयानी त्याच्या कितीतरी पलीकडे होती. ती अभ्रिका नव्हती; ते दुसरे ताराविश्व होते.

फेब्रुवारी १९२४ मध्ये हबल यांनी हे वृत्त पत्राने शॅप्ली यांना कळविले. त्याच महिन्यात त्यांचा ग्रेस बर्क यांच्याशी विवाह झाला. १ जानेवारी १९२५ रोजी वॉशिंग्टन येथील खगोलशास्त्रज्ञांच्या सभेत हबल यांचा निबंध त्यांच्या अनुपस्थितीत वाचून दाखविण्यात आला आणि अनेक वर्षांचा वाद निकालात निघाला. आपली आकाशगंगा म्हणजे संपूर्ण विश्व नव्हे, ती असंख्य दीर्घिकांपैकी एक आहे, हे त्या दिवशी मान्य झाले. पुढील वर्षी हबल यांनी दीर्घिकांचे आकारानुसार वर्गीकरण केले. लंबवर्तुळाकार, सर्पिल, दंडयुक्त सर्पिल आणि अनियमित हे त्यांनी पाडलेले प्रकार आजही वापरात आहेत.

आता अंतर आणि वेग या दोन्ही गोष्टी एकत्र आणणे शक्य झाले होते. हबल यांनी २४ दीर्घिकांची अंतरे निश्चित केली आणि त्यांच्यासमोर ताम्रसृतीवरून मिळालेले वेग मांडले. १९२९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अवघ्या सहा पानांच्या निबंधात त्यांनी या दोहोंचा आलेख दिला. बिंदू विखुरलेले होते, तरीही त्यांतून जाणारी सरळ रेषा स्पष्ट होती. अंतर दुप्पट, तर वेगही दुप्पट. दर मेगापार्सेकमागे, म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे, वेग सेकंदाला सुमारे ५०० किलोमीटरने वाढतो, असा हिशेब त्यांनी मांडला. या संख्येलाच पुढे हबल स्थिरांक असे नाव मिळाले.

या आलेखातील बहुतांश वेग स्लायफर यांनी मोजलेले होते. हबल यांच्या निबंधात मात्र त्या वेगांसाठी स्लायफर यांच्या नावाचा उल्लेख नव्हता. पुढे हबल यांनी त्यांचे ऋण मान्य केले, तरी तोवर जगाने शोधाशी एकच नाव जोडून टाकले होते. स्लायफर यांनी त्याबद्दल गाजावाजा केला नाही. १९६९ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा सर्वसामान्य वाचकांना त्यांचे नाव फारसे परिचित नव्हते.

लमेत्र यांची कहाणी निराळी आहे. आइन्स्टाइन यांच्या व्यापक सापेक्षतेच्या समीकरणांतून प्रसरण पावणारे विश्व निघू शकते, हे रशियाचे अलेक्झांडर फ्रीडमन यांनी १९२२ मध्ये दाखविले होते. लमेत्र यांनी १९२७ मध्ये तोच मार्ग स्वतंत्रपणे शोधला. शिवाय स्लायफर यांचे वेग आणि हबल यांची अंतरे वापरून विस्ताराचा दरही काढला. परंतु त्यांचा फ्रेंच निबंध ब्रुसेल्समधील एका कमी वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १९३१ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर लंडनमध्ये छापले गेले, तेव्हा दराविषयीचा नेमका तोच भाग त्यात नव्हता. कोणी तरी जाणूनबुजून तो गाळला, असा संशय अनेक वर्षे घेतला जात होता. २०११ मध्ये जुन्या पत्रव्यवहारातून असे स्पष्ट झाले, की भाषांतर खुद्द लमेत्र यांनीच केले होते आणि तोवर अधिक चांगली आकडेवारी उपलब्ध झाल्याने आपले जुने आकडे पुन्हा छापण्यात त्यांना स्वारस्य वाटले नव्हते.

मग हबल यांचे स्वतःचे असे काय उरते? उरते ते अंतर. सर्व दीर्घिका आपल्यापासून दूर जात आहेत, एवढेच कळून विस्तार सिद्ध होत नाही. वेग अंतराच्या प्रमाणात वाढतो, हे दाखवावे लागते. इलास्टिकच्या पट्टीवर एक-एक सेंटिमीटर अंतराने टिकल्या चिकटवल्या आणि पट्टी ताणून दुप्पट लांब केली, तर शेजारची टिकली एक सेंटिमीटरने दूर जाते, तिच्या पलीकडची दोनने आणि त्यापलीकडची तीनने. कोणत्याही टिकलीवर उभे राहून पाहिले, तरी हेच दिसते. तेव्हा आपण विश्वाच्या मध्यभागी आहोत, असे मानण्याचे कारण राहत नाही. टिकल्या पट्टीवरून धावत नाहीत, पट्टीच ताणली जाते. त्याचप्रमाणे दीर्घिका अवकाशातून पळत नसून अवकाशच प्रसरण पावते आणि वाटेतील प्रकाशाच्या लाटाही त्यासोबत ताणल्या जातात, अशी आजची समजूत आहे. या प्रमाणाचा निरीक्षणावर आधारलेला भक्कम पुरावा हबल यांच्या अंतरमोजणीतून मिळाला.

तो पुरावा पुढे नेण्याच्या कामात त्यांना एका असामान्य सहकाऱ्याची साथ लाभली. मिल्टन ह्युमासन यांनी चौदाव्या वर्षी शाळा सोडली होती. माउंट विल्सनच्या बांधकामासाठी ते खेचरांवर लादून सामान डोंगरावर नेत असत. १९१७ मध्ये ते वेधशाळेत झाडलोट आणि देखभालीच्या कामावर लागले, त्यानंतर रात्रीच्या निरीक्षणांत मदतनीस झाले आणि अंगच्या कौशल्याने संशोधकांच्या पंक्तीला जाऊन बसले. दूरच्या दीर्घिकांचे वर्णपट घेण्याचे कष्टाचे काम हबल यांनी त्यांच्याकडे सोपविले. एनजीसी ७६१९ या दीर्घिकेसाठी ह्युमासन यांनी अनेक रात्री मिळून तीस तासांहून अधिक काळ एकच काच दुर्बिणीला लावून ठेवली. कडाक्याच्या थंडीत, उघड्या घुमटाखाली, तारा अचूक जागी धरून ठेवण्याचे हे काम होते. त्या दीर्घिकेचा वेग सेकंदाला ३,७७९ किलोमीटर निघाला. १९३१ मध्ये हबल आणि ह्युमासन यांनी संयुक्त निबंधात सेकंदाला सुमारे २०,००० किलोमीटरपर्यंतचे वेग नोंदविले. सरळ रेषा तेथवर सरळच राहिली.

१९३१ च्या प्रारंभी आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी माउंट विल्सन वेधशाळेला भेट दिली. १९१७ मध्ये त्यांनी विश्व स्थिर राहावे म्हणून आपल्या समीकरणांत एक जादा पद घातले होते. आता त्यांनी स्थिर विश्वाची कल्पना सोडून दिली. हबल यांचे नाव जगभर पोहोचले. हॉलिवूडमधील कलावंत आणि लेखक त्यांच्या घरी येऊ लागले.

या कीर्तीच्या काळात हबल यांनी दाखविलेला संयम मात्र फारसा सांगितला जात नाही. विश्वाच्या विस्ताराचा शोध त्यांच्या नावावर जमा झाला. परंतु ते स्वतः या विस्ताराबद्दल अखेरपर्यंत साशंक राहिले. रेषा तांबड्या टोकाकडे सरकते, हे निरीक्षण आहे. ती वेगामुळेच सरकते, हा अर्थ आहे, असा भेद ते कटाक्षाने पाळीत. आपल्या लेखनात ते आभासी वेग असा सावध शब्दप्रयोग करीत आणि अर्थ लावण्याचे काम सिद्धान्तकारांवर सोपवीत. लांबच्या प्रवासात प्रकाशाची ऊर्जा अन्य एखाद्या कारणाने घटत असावी, ही शक्यताही त्यांनी खुली ठेवली.

त्यांच्या शंकेला एक ठोस आधार होता. सेकंदाला ५०० किलोमीटर हा दर घेऊन उलटा हिशेब केला, तर सर्व दीर्घिका सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी एकत्र असल्या पाहिजेत. किरणोत्सर्गाच्या आधारे पृथ्वीवरील खडकांचे वय काढणाऱ्यांचे आकडे त्याहून मोठे येऊ लागले होते. विश्व पृथ्वीपेक्षा तरुण कसे असेल? कोठे तरी गफलत होती.

ती गफलत ताम्रसृतीत नव्हती, ती अंतरात होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हबल मेरीलँड राज्यातील लष्करी संशोधन केंद्रात तोफगोळ्यांच्या मार्गाचा अभ्यास करीत होते. त्याच काळात लॉस एंजेलिस परिसरात दिवे मंद ठेवले जात आणि माउंट विल्सनचे आकाश अधिक काळोखे होई. त्याचा लाभ घेऊन वॉल्टर बाडे यांनी देवयानीतील तारे दोन निरनिराळ्या प्रकारचे असल्याचे दाखविले. सेफीडही दोन जातींचे निघाले आणि दोहोंसाठी एकच सूत्र वापरल्यामुळे अंतरे सुमारे निम्मीच मोजली गेली होती. १९५२ मध्ये बाडे यांनी ही दुरुस्ती जाहीर केली आणि विश्वाचे वय एका फटक्यात सुमारे दुप्पट झाले. हबल यांचे तरुण सहकारी अॅलन सँडेज यांनी १९५८ मध्ये हा दर ७५ पर्यंत खाली आणला.

हबल यांना हा शेवटचा टप्पा पाहता आला नाही. पालोमार पर्वतावरील २०० इंची हेल दुर्बिणीतून जानेवारी १९४९ मध्ये पहिले छायाचित्र घेण्याचा मान त्यांना मिळाला. त्याच वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. २८ सप्टेंबर १९५३ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन मरीनो येथे मेंदूतील रक्ताच्या गुठळीमुळे त्यांचे निधन झाले. पत्नी ग्रेस यांनी अंत्यविधीचा कोणताही समारंभ केला नाही आणि अंत्यविश्रांतीची जागाही उघड केली नाही. ती आजतागायत अज्ञात आहे. त्या काळी खगोलशास्त्रातील कार्य भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाच्या कक्षेत धरले जात नसल्याने हा सन्मान त्यांना मिळाला नाही.

त्यांची शंका पुढील पिढ्यांनी तपासून पाहिली. अतिदूरच्या दीर्घिकांतील स्फोट पावणारे तारे जवळच्या ताऱ्यांच्या तुलनेत संथपणे विझतात आणि हा संथपणा नेमका त्यांच्या ताम्रसृतीच्या प्रमाणात असतो, असे १९९० च्या दशकापासूनच्या निरीक्षणांत दिसून आले. प्रकाश वाटेत नुसता थकत असता, तर असे झाले नसते. १९६५ मध्ये सापडलेल्या वैश्विक सूक्ष्मलहरींच्या प्रारणानेही विस्ताराच्या बाजूने कौल दिला होता. तरीही प्रचलित मताची चिकित्सा करण्याची परंपरा थांबली नाही. कोल्हापूर येथे जन्मलेले आणि पुण्यातील आयुका या संस्थेचे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर यांनी फ्रेड हॉयल यांच्यासह महास्फोट सिद्धान्ताला पर्यायी मांडणी केली आणि काही खस्थ पदार्थांच्या ताम्रसृतीच्या प्रचलित अर्थाबद्दलही प्रश्न उपस्थित केले. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी त्यांचे निष्कर्ष स्वीकारले नाहीत, परंतु मे २०२५ मध्ये झालेल्या निधनापर्यंत त्यांनी पुराव्याची मागणी सोडली नाही.

ताम्रसृती आज दूरच्या विश्वाचा नकाशा काढण्याचे नित्याचे साधन झाली आहे. २०१७ मध्ये आयुका आणि पुण्यातीलच आयसर या संस्थांच्या संशोधकांनी सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे अंतरावरील दीर्घिकांचा महासमूह शोधून त्याला सरस्वती हे नाव दिले, तेही ताम्रसृतींच्या आधारेच. हबल यांचे नाव दिलेली अवकाश दुर्बीण २४ एप्रिल १९९० रोजी सोडण्यात आली. तिच्या निरीक्षणांवरून २००१ मध्ये विस्ताराचा दर ७२ इतका निश्चित करण्यात आला. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने २०२४ मध्ये १४ हून अधिक ताम्रसृती असलेली दीर्घिका नोंदविली. तिच्यापासून निघालेल्या प्रकाशाच्या लाटा येथे पोहोचेपर्यंत सुमारे पंधरापट ताणल्या गेल्या आहेत.

तथापि हबल यांनी सुरू केलेला हिशेब अद्याप पूर्ण झालेला नाही. सेफीड आणि स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांवरून काढलेला दर ७३ च्या आसपास येतो, तर विश्वाच्या बाल्यावस्थेतील प्रारणावरून काढलेला दर ६७ च्या आसपास. दोन्ही मोजमापे काटेकोर असूनही ती जुळत नाहीत. या वेळीही चूक अंतराच्या पट्टीत आहे, की विश्वाबद्दलच्या आपल्या समजुतीत काही उणे आहे, याचा शोध सुरू आहे.

नियमाच्या नावात लमेत्र यांची भर पडल्याने हबल लहान झाले नाहीत. लेव्हिट यांनी पट्टी दिली, स्लायफर यांनी वेग दिले, लमेत्र यांनी अर्थ दिला आणि ह्युमासन यांनी थंडीतल्या रात्री दिल्या. या सर्वांना एका आलेखावर आणण्यासाठी लागणारी अंतरे हबल यांनी मोजली आणि त्या आलेखाने जेवढे सिद्ध होते, तेवढेच सांगून ते थांबले.